कॅमेरा ठाण्यात, करार मुंबईत

२ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने परमवीर सिंग सैनी प्रकरणात देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही बसवण्याचा आदेश दिला. मुख्य दार, कोठडी, व्हरांडा, स्वागतकक्ष, अधिकाऱ्यांच्या खोल्या, स्वच्छतागृहाबाहेरची जागा, सगळीकडे. कॅमेरा रात्री दिसेल असा हवा, आवाज टिपणारा हवा. चित्रण अठरा महिने जपायचं. तेवढी साठवण उपलब्ध नसेल तर जास्तीत जास्त मिळेल तेवढी, पण एक वर्षाच्या खाली कोणत्याही परिस्थितीत जायचं नाही. याच आदेशाने कॅमेरे चालू ठेवण्याची, त्यांच्या देखभालीची आणि चित्रणाची जबाबदारी त्या ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यावर टाकली. विदर्भात आपण त्याला ठाणेदार म्हणतो. म्हणजे तुमसर तालुक्यात, मध्य प्रदेशाच्या हद्दीजवळच्या गोबरवाही ठाण्यात कोठडीतला कॅमेरा बंद पडला, तर न्यायालयापुढे उत्तर गोबरवाहीच्या ठाणेदाराने द्यायचं. पण तो कॅमेरा कोणत्या अटींवर घेतला, दुरुस्तीला माणूस किती तासांत यायला हवा, आला नाही तर देयकातून किती कापायचं, हे ठरवणारा करार राज्य पातळीवर झालेला असतो. त्या करारावर ठाणेदाराची सही नसते आणि त्याचं मतही कोणी विचारलेलं नसतं. पोलिसांच्या खरेदीबद्दल आपल्याकडे चर्चा होते ती किमतीची आणि घोटाळ्याची. माझ्या मते खरा प्रश्न या अंतराचा आहे. तो सोडवायचा तर पुरवठादाराशी बोलणी कोणी, केव्हा आणि कशाबद्दल करायची, हे नव्याने ठरवावं लागेल.

या प्रश्नाकडे पाहण्याच्या दोन भूमिका आहेत आणि दोन्हींत तथ्य आहे. म्हणून त्या दोन व्यक्तींच्या तोंडी घालतो: एक पोलीस विभागाच्या लेखाशाखेतल्या लेखाधिकारी, दुसरे भंडारा जिल्ह्यातले एक ठाणेदार. दोघेही काल्पनिक आहेत. मुद्दे मात्र काल्पनिक नाहीत.

लेखाधिकारी : साहेब, तुम्ही ज्याला अंतर म्हणता ते मुद्दाम ठेवलेलं आहे. ज्याला वस्तू वापरायची त्यानेच पुरवठादार शोधला, त्यानेच भाव ठरवला आणि त्यानेच माल मिळाल्याची सही केली, तर तपासणार कोण? एकच दुकानदार तीन लेटरहेडवर तीन दरपत्रकं आणून देतो आणि सर्वांत कमी दर त्याचाच निघतो, ही रीत मोडायला वर्षं लागली. शासनाने १ डिसेंबर २०१६ च्या निर्णयाने खरेदीची नियमपुस्तिका दिली, २४ ऑगस्ट २०१७ च्या निर्णयाने जेम हे सरकारी खरेदीचं ऑनलाइन पोर्टल स्वीकारलं. त्याआधी ई-निविदा आली होती. या सगळ्याचा हेतू एकच : अधिकारी आणि पुरवठादार यांची बंद खोलीतली भेट टळावी. आता तुम्ही पुन्हा म्हणता की बोलणी हवीत. किमतीचा लिफाफा उघडल्यावर पुरवठादाराला बोलावून घासाघीस करायची नाही, असं केंद्रीय दक्षता आयोगाने ३ मार्च २००७ च्या परिपत्रकात बजावलं आहे. अपवाद फक्त सर्वांत कमी दर देणाऱ्याचा, तोही असाधारण परिस्थितीत आणि कारणं लिहून. आयोगाची कक्षा केंद्राच्या खात्यांपुरती, हे मला ठाऊक आहे. पण त्यामागचा विचार भंडाऱ्यालाही तितकाच लागू पडतो.

ठाणेदार : मॅडम, लिफाफा उघडल्यावर घासाघीस नको, हे मला मान्य. पण लिफाफा उघडण्याआधी जे लिहिलं जातं, त्यात ठाण्याचं काही नसतं, त्याचं काय? आकडेच मांडतो. एका कॅमेऱ्याचं चित्रण सेकंदाला २ मेगाबिट धरा. दिवसाला साधारण २१.६ गीगाबाइट होतात. वर्षाला जवळजवळ ७.९ टेराबाइट, अठरा महिन्यांना ११.८. ठाण्यात बारा कॅमेरे असतील तर वर्षभराचं चित्रण ठेवायला ९५ टेराबाइट लागतील आणि अठरा महिन्यांना १४० च्या वर. आता निविदेत नुसतं ‘आवश्यक साठवणक्षमतेसह’ असं लिहिलं, तर सर्वांत कमी दर देणारा काय देईल? ८ टेराबाइटची एक डिस्क. बारा कॅमेऱ्यांना ती महिनाभर पुरते, मग जुनं पुसून नवं त्यावर बसतं. पुरवठा झाला, पोच दिली, देयक निघालं. सहा महिन्यांनी न्यायालयाने एखाद्या रात्रीचं चित्रण मागितलं की माझ्या संगणकावर कॅमेरा चालू दिसतो आणि चित्रण मात्र कुठेच नसतं. कागदावर कोणीच चुकलेलं नाही. उत्तर मात्र मी द्यायचं.

लेखाधिकारींचा मुद्दा भ्रष्टाचाराचा आहे, ठाणेदारांचा निकामी वस्तूचा. वरवर पाहता ते एकमेकांविरुद्ध बोलतात. खोलात गेलं की दोघांना एकच गोष्ट हवी आहे असं दिसतं. किमतीचा लिफाफा उघडण्याआधी अटी पक्क्या असाव्यात, उघडल्यावर त्यांना कोणी हात लावू नये. कमी दराचा नियम वाईट नाही. तो फक्त लिहिलेल्या गोष्टींची तुलना करतो. साठवण किती, वीज गेल्यावर बॅटरी किती तास, बिघाड कळवल्यापासून दुरुस्ती किती तासांत, पाचव्या वर्षी डिस्क बदलायचा खर्च कोणाचा, हे लिहिलेलं नसेल तर ज्याने हे खर्च धरलेच नाहीत तोच सर्वांत स्वस्त ठरतो. समजा, एकाने दहा लाखांत कॅमेरे दिले आणि देखभाल वाऱ्यावर सोडली, दुसऱ्याने पाच वर्षांच्या देखभालीसह तेरा लाख सांगितले. कागदावर पहिला जिंकतो. दुसऱ्या वर्षी डिस्का जातात, बॅटऱ्या फुगतात, नव्या अंदाजपत्रकासाठी फाइल वर जाते, आणि ती परत येईपर्यंत ठाणं न्यायालयाच्या आदेशाचा भंग करत बसतं.

हा अंदाज हवेतला नाही. मुंबई उच्च न्यायालयापुढे २०२२ मध्ये हाच विषय आला, तेव्हा राज्यातल्या १,०८९ पोलीस ठाण्यांपैकी ५४७ ठाण्यांतच कॅमेरे बसलेले असल्याचं समोर आलं. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाला तोवर वर्ष उलटून गेलं होतं. बसवलेल्यांतलेही काही बंद होते. राज्यभरासाठी मोजक्या ठेकेदारांना काम दिलेलं, ठाणी मात्र कोकणापासून गडचिरोलीपर्यंत पसरलेली. लाखांदूर किंवा सिहोऱ्यासारख्या टोकाच्या ठाण्यात एका कॅमेऱ्यासाठी माणूस पाठवणं ठेकेदाराला परवडत नाही. न पाठवल्याचा तोटा करारात लिहिलेला नसेल, तर तो पाठवणारही नाही. यात त्या ठेकेदाराच्या नीतीचा प्रश्न दुय्यम आहे. त्याने आपला हिशेब केला, सरकारने केला नाही.

लेखाधिकारी : तुम्ही सारखा दूरच्या ठाण्यांचा दाखला देता. मग उलटा दाखला घ्या. २६/११ नंतर बुलेटप्रूफ जॅकेटांच्या दर्जावरून केवढा गदारोळ झाला. त्यानंतर राज्याने जॅकेटं मागवली ती महासंचालक कार्यालयाने, एकगठ्ठा. २०१८ मध्ये त्यांतल्या नमुन्यांवर एके-४७ ची गोळी झाडून चाचणी घेतली आणि चौदाशेहून जास्त जॅकेटं उत्पादकाला परत केली. हे भंडाऱ्याच्या अधीक्षक कार्यालयाला जमलं असतं का? चाचणीची सोय नाही, जाणकार नाहीत, आणि पन्नास-शंभर जॅकेटांसाठी उत्पादक तुमच्याशी बोलणारही नाही.

ठाणेदार : नसतंच जमलं. जॅकेटं, शस्त्रं, दारूगोळा, बिनतारी संच, हे मुंबईनेच घ्यावं. पण मॅडम, ती जॅकेटं परत का जाऊ शकली, ते पाहा. ‘आधी चाचणी, मग स्वीकृती’ असं आधीच ठरलेलं होतं आणि चाचणी घेणाऱ्याला ‘नाही’ म्हणायचा अधिकार होता. तेवढंच मी मागतो आहे. जॅकेटाची परीक्षा गोळीने होते, कॅमेऱ्याची परीक्षा माझ्या ठाण्यात, माझ्या विजेवर, माझ्या नेटवर्कवर होते. ती परीक्षा मी घेतली पाहिजे आणि माझं ‘नाही’ देयक अडवणारं असलं पाहिजे.

इथे वादाची गाठ सुटायला लागते असं मला वाटतं. खरेदी केंद्रीय असावी की जिल्ह्याची, या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देता येत नाही, कारण खरेदी ही एकच कृती नाही. दर ठरवणं, वस्तूचे निकष ठरवणं, माल स्वीकारणं आणि सेवा तपासणं ही चार वेगळी कामं आहेत. दर ठरवायला मोठी मागणी लागते. ते वरच व्हावं. निकष लिहायला तज्ज्ञ आणि वापरणारा दोघेही लागतात. स्वीकृती आणि सेवेची तपासणी जिथे वस्तू वापरली जाते तिथेच होऊ शकते. आज ही चारही कामं एकाच पातळीवर केली जातात आणि खाली उरते ती फक्त जबाबदारी. लेखाधिकारींना जी भीती आहे, की सगळे अधिकार एका हातात जातील, तिचंही उत्तर यातच आहे : ज्याने दर ठरवला त्याने स्वीकृती द्यायची नाही, आणि ज्याने स्वीकृती दिली त्याला दराला हात लावता येणार नाही.

दर वर ठरला म्हणजे सगळं झालं असं मात्र नाही; ब्रिटनचा अनुभव पाहा. तिथे इंग्लंड आणि वेल्स मिळून ४३ प्रादेशिक पोलीस दलं आहेत. प्रत्येकाने आपापली खरेदी करायची, ही तिथली जुनी रीत. एकच वस्तू वेगवेगळी दलं वेगवेगळ्या दराने घेत होती. २०२० मध्ये तिथल्या गृह खात्याच्या पैशावर ब्लूलाइट कमर्शियल नावाची संस्था उभी राहिली, दलांची मागणी एकत्र करून बोलणी करण्यासाठी. आपल्याकडे तेच काम महासंचालक कार्यालय करतं, त्यामुळे या बाबतीत आपण त्यांच्या पुढे आहोत असं कोणी म्हणेल. पण त्याच ब्रिटनमधला दुसरा अनुभव जास्त शिकवणारा आहे. तिथल्या पोलिसांचं एअरवेव्ह हे बिनतारी जाळं २००० साली झालेल्या दीर्घ करारातून उभं राहिलं. त्याच्या जागी नवं जाळं आणायचं ठरलं, ते रखडलं. जुनं बंद करता येईना, दुसरा पुरवठादार नाही, आणि २०१६ पासून जुन्या जाळ्याची मालकी मोटोरोला कंपनीकडे. २०२३ मध्ये तिथल्या स्पर्धा प्राधिकरणाने निष्कर्ष काढला की ही कंपनी वर्षाला सुमारे २० कोटी पौंड जास्त घेते आहे, आणि दरावर मर्यादा घातली. देशाच्या गृह खात्याएवढा मोठा ग्राहक समोर असूनही बोलणी करायची ताकद उरली नाही, कारण करार संपण्याच्या दिवशी काय होईल हे सुरुवातीला पक्कं केलेलं नव्हतं. मोठी मागणी म्हणजे मोठी ताकद, हे पहिल्या दिवशी खरं असतं. नंतर ताकद कोणाकडे आहे हे ठरतं ते पासवर्ड कोणाकडे, चित्रण कोणत्या स्वरूपात साठवलंय, सुटे भाग दुसऱ्या कोणाचे बसतात का, यावरून. डायल ११२ च्या गाड्यांतला संगणक असो की ठाण्यातला रेकॉर्डर, हे प्रश्न करार करतानाच विचारायचे असतात.

लेखाधिकारी : विचारावेत. पण प्रत्येक प्रश्नागणिक अट वाढते आणि प्रत्येक अटीगणिक निविदा भरणारे कमी होतात. मुंबईच्या सीसीटीव्हीचं काय झालं? २६/११ नंतर राम प्रधान समितीचा अहवाल आला, कॅमेऱ्यांची योजना ठरली, निविदा एकदा नाही, अनेकदा फिसकटली. शेवटी लार्सन अँड टुब्रोला काम मिळालं २०१५ मध्ये, ९४९ कोटींना. ४,७१७ कॅमेरे पूर्ण व्हायला ऑक्टोबर २०१६ उजाडला. हल्ल्यापासून आठ वर्षं. अटी घट्ट आवळल्या की हेच होतं. आणि दंडाचं म्हणाल, तर करार कायद्याचं कलम ७४ आहे. तुम्ही करारात कितीही मोठा दंड लिहा, न्यायालय वाजवी भरपाईच देणार.

या आक्षेपाला वजन आहे. पोलीस खात्याकडून अटी लिहिल्या जातात तेव्हा पुरवठादाराकडून काय हवं याची यादी लांबत जाते, आणि खातं स्वतः काय देणार याबद्दल अक्षरही नसतं. बोलणी याला म्हणत नाहीत. निविदापूर्व बैठक हा प्रकार नियमांत आहे. तिथे सगळ्या इच्छुक पुरवठादारांना एकत्र बसवायचं, त्यांच्या शंका ऐकायच्या, उत्तरं लेखी द्यायची, आणि अटीत बदल केलाच तर शुद्धिपत्रक काढून ते सगळ्यांना एकाच वेळी पोहोचवायचं. ही बैठक बहुतेक वेळा उरकली जाते. ती मनापासून घेतली, तर बंद खोलीतल्या भेटीची भीतीही राहत नाही, कारण जे बोललं ते सगळ्यांसमोर बोललं आणि कागदावर आलं. त्या बैठकीत पुरवठादाराचा पहिला प्रश्न कोणता असतो? पैसे कधी मिळणार. सूक्ष्म व लघु उद्योगाकडून माल किंवा सेवा घेतली तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे चुकते करायचे, उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज, असं २००६ चा एमएसएमई कायदा सांगतो. सरकारी कार्यालयांत हे कलम फारसं कोणी उच्चारत नाही. देयक मार्च एंडच्या गर्दीत कोषागारात अडकतं, निधी आला नाही म्हणून पुढच्या वर्षावर जातं. पुरवठादार हा उशीर आधीच दरात धरतो, ज्यांना तो सोसत नाही असे लहान आणि चांगले दुकानदार निविदाच भरत नाहीत. म्हणजे स्पर्धा कमी होते ती अटींमुळे जितकी, तितकीच खात्याच्या उधारीमुळे. खात्याने ४५ दिवसांचं बंधन करारात स्वतःवर लिहून घेतलं, तर त्याच करारात ‘बिघाड ४८ तासांत दुरुस्त’ ही अट हक्काने घालता येईल.

कलम ७४ चा मुद्दा बरोबर आहे, पण त्याला वळसा घालता येतो. देखभालीचं देयक तिमाहीला, आणि जितके तास यंत्रणा चालली तितक्याच तासांचं, असं लिहावं. यात दंड नाही, न मिळालेल्या सेवेचे पैसे न देणं आहे. पुरवठादारालाही हे समजतं. मोबाइल टॉवर, रुग्णालयं, विमानतळ यांची देखभाल अशाच करारांवर चालते.

भंडाऱ्यात देखभालीचा विषय निघाला की ९ जानेवारी २०२१ ची रात्र आठवतेच. जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षाला आग लागून दहा बालकं गेली. इमारत होती, यंत्रं होती. अग्निसुरक्षेची पुरेशी व्यवस्था नव्हती. त्यानंतर राज्यभरातल्या रुग्णालयांचं अग्निसुरक्षा परीक्षण करायचे आदेश निघाले. तो विभाग वेगळा, विषय वेगळा. पण वस्तू विकत घेताना आपण तिच्या भोवतीची सेवा विकत घेत नाही, हा दोष सगळ्या सरकारी खरेदीत सारखा आहे, आणि या जिल्ह्याने त्याची किंमत इतरांपेक्षा जास्त मोजली आहे. त्यामुळे ‘आधी घेऊन तर टाकू, देखभालीचं नंतर पाहू’ हे वाक्य भंडाऱ्यात तरी कोणी उच्चारू नये, असं मला तळमळीने वाटतं.

लेखाधिकारी : ठीक आहे, अटी आधी, पैसे वेळेवर. पण हे सांभाळणार कोण? जिल्हा पोलीस अधीक्षकांचा साधारण कार्यकाळ दोन वर्षांचा. लेखाशाखेतले बदलतात, मोटार परिवहन शाखेतले बदलतात. करार पाच वर्षांचा. ज्यांनी बोलणी केली ते दुसऱ्या वर्षी वाशीमला आणि तिसऱ्या वर्षी पालघरला. नवा अधिकारी फाइल शोधत बसतो. आणि तोंडी आश्वासनांचं तर विचारूच नका. राज्याचा करार राज्यपालांच्या नावाने, ठरलेल्या रीतीने व्हावा लागतो, संविधानाचं कलम २९९. साहेबांनी शब्द दिला होता, असं सांगत पुरवठादार आला की आम्ही त्याला काय दाखवायचं?

ठाणेदार : म्हणूनच तर जिल्ह्याच्या एकट्याच्या बळावर हे नको, असं मला वाटतं. नागपूर परिक्षेत्रात आपण चार घटक आहोत, नागपूर ग्रामीण, वर्धा, भंडारा, चंद्रपूर. कॅमेऱ्यांची देखभाल, यूपीएसच्या बॅटऱ्या, गाड्यांचे टायर, प्रिंटरची शाई, हे चौघांना सारखंच लागतं आणि पुरवणारे बहुतेक नागपूरचेच. राज्यभराचा करार केला तर गोबरवाही फार दूर पडतं. एकट्या भंडाऱ्याचा केला तर काम फार लहान. परिक्षेत्राचा करार केला तर ठेकेदाराला पुरेसं काम आहे आणि त्याचा माणूस सकाळी निघून दुपारपर्यंत कोणत्याही ठाण्यात पोहोचू शकतो. परिक्षेत्र कार्यालयात दोन माणसं फक्त करारांसाठी ठेवा, बदलीच्या काळातही त्यांतला एक मागे राहील असं पाहा.

परिक्षेत्र पातळीची ही सूचना मला या वादातली सर्वांत कामाची वाटते. तीच सूचना सगळ्या वस्तूंना लावायची मात्र नाही. काही गोष्टी अशा आहेत की त्या जिल्ह्यानेच, किंबहुना तालुक्यानेच ठरवाव्यात. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला पूर आला, भंडारा शहरात पाणी शिरलं, लोकांना बाहेर काढायला नावा लागल्या. तशा वेळी निविदा काढायला सवड नसते; जो मिळेल त्याच्याकडून, तो सांगेल त्या दराने घ्यावं लागतं, आणि पुढे त्याच देयकावर लेखापरीक्षकाचा आक्षेप येतो. हा तलावांचा जिल्हा आहे. मच्छीमारांच्या सहकारी संस्था आहेत, ढीवर समाजाकडे नावा आहेत आणि पाण्याची जाण आहे. कारधा, पवनी, मोहाडी, तुमसर या नदीकाठच्या भागांसाठी मे महिन्यातच त्यांच्याशी दरकरार करता येतो : बोलावल्यावर किती वेळात नाव येणार, नावाड्यासह दिवसाचा दर किती, जीवरक्षक जॅकेट कोणाचं, विमा कोणाचा, पूर न आल्यास हंगामाचं राखण-भाडं किती. ही बोलणी मुंबईतून होऊच शकत नाहीत. आणि इथे ती पोलीस, महसूल आणि संस्था यांनी एकत्र बसून, सगळ्यांसमोर करायची आहेत. लेखाधिकारी विचारतील की नावाड्यांच्या संस्थेने जेम पोर्टलवर नोंदणी केली आहे का. त्या नोंदणीला मदत करणं हेही जिल्ह्याच्या कार्यालयाचं काम असू शकतं, आणि पोर्टलवर नसलेली सेवा कशी घ्यायची याची तरतूद नियमपुस्तिका आधीच करते.

गणवेशाचं उदाहरण दुसऱ्या टोकाचं. पूर्वी कापड शासन विकत घेऊन वाटायचं. मापं, रंगाची छटा, कापडाचा पोत यांवरून तक्रारी चालायच्या. आता अंमलदारांना वर्षाला सुमारे पाच हजार रुपये गणवेश भत्ता मिळतो, ते आपला गणवेश शिवून घेतात. म्हणजे कधी कधी सर्वांत चांगला करार म्हणजे करारच न करणं. कोणती वस्तू कोणत्या पातळीला न्यायची याचा एक ठोकळेबाज नियम नाही. वस्तू निकामी निघाल्याचा त्रास जिथे होतो, तिथल्या माणसाला त्या करारात जागा आहे की नाही, एवढं प्रत्येक वेळी पाहावं.

लेखाधिकारी : एक शेवटचं, साहेब. चालेल तितक्या तासांचंच देयक, असं कलम मी लिहून देते. ४५ दिवसांचं बंधन माझ्याच शाखेवर येणार, तेही मान्य. पण कपात करायची तर मला पुरावा लागेल. तिमाहीच्या शेवटी जिल्ह्यातल्या ठाणेदारांनी ‘सर्व कॅमेरे सुस्थितीत’ असं छापील प्रमाणपत्र पाठवलं, तर मी पूर्ण पैसे देईन आणि तुमची तक्रार ऐकून घेणार नाही. आजवर अशी प्रमाणपत्रं कशी येतात, ते आपण दोघंही जाणतो.

ठाणेदार : जाणतो, मॅडम. म्हणून प्रमाणपत्र नको. रोज सकाळी हजेरीनंतर ठाणे अंमलदार दोन गोष्टी पाहील : कोणता कॅमेरा बंद आहे, आणि सर्वांत जुनं चित्रण कोणत्या तारखेचं निघतं. दोन्ही स्टेशन डायरीत वेळेसह लिहील, बिघाड असेल तर तक्रार क्रमांक तिथेच टाकील. स्टेशन डायरी मागाहून बदलता येत नाही, न्यायालयातही चालते. तिमाहीच्या शेवटी तिचा उतारा तुमच्याकडे येईल, एक प्रत ठेकेदाराला जाईल, त्याला आठ दिवसांत हरकत घेता येईल. पण हे सगळं निविदेत आधी आलं पाहिजे, आणि निविदा दिवाळीच्या आत निघाली पाहिजे. मार्चमध्ये काढलीत, तर बैठकीला कोणी येणार नाही आणि निधी संपवायच्या घाईत पुन्हा आठ टेराबाइटची डिस्कच येईल.